घरात कायम माणूस

दादाच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नव्हता. उजवा हात मात्र अस्वलाचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, बिचाऱ्याला भाजलं असेल. कसलं भाजतंय! नवी सुरी घरी आली की दादा तिची धार त्या हातावर बघायचा. आधी थुंकी लावायची, मग पातं कातडीवरून सरकवायचं, केस उडवायचे आणि शेवटी एक फुंकर. ते केस उडून कुठं पडतात याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. टेबलावर पडत, वर्तमानपत्रावर पडत, एकदा धाकटीच्या चहात पडले होते. "दोनच तर आहेत, काढून टाक की," असं म्हणून त्यानं पुढची सुरी उचलली होती. तेव्हापासून धाकटी त्या घरात चहा पीत नसे.

धाकटी म्हणजे त्याची बहीण. चाळिशी उलटली, कानावरचे केस पांढरे झाले, तरी घरच्यांच्या तोंडी नाव धाकटीच. ती विम्याची कामं करायची. गाड्यांचे विमे, दुकानांचे विमे, आजारपणाचे विमे. माणसं आपल्या वस्तूंवर किती जीव टाकतात हे तिनं पोटासाठी रोज पाहिलेलं होतं, त्यामुळे तशी ती सहजासहजी नाक मुरडणारी नव्हती. पण दादाच्या सुऱ्यांचं नाव निघालं की तिचंही नाक मुरडलं जायचं.

त्या सुऱ्या दुकानात मिळणाऱ्या नव्हत्या. एकेका कारागिराकडे नाव नोंदवून, वाट पाहून, हातानं घडवून घेतलेल्या. कुणाचं पातं पोलादाचे थर दुमडून दुमडून केलेलं, त्यावर पाण्याच्या रेघांसारखी नक्षी. कुणाची मूठ सांबरशिंगाची, कुणाची उंटाच्या हाडाची, कुणाची अक्रोडाच्या गाठीची. यातल्या एकीनंही आजवर साधी काकडी कापली नव्हती, कारण कापलं की किंमत उतरते. दादाचा फरशांचा व्यापार होता, हातात पैसा खेळत होता आणि लग्न त्यानं केलं नव्हतं. ते एक बरंच झालं, असं धाकटीला वाटे. केलं असतं तर बायकोलाही तेल पुसून मऊ कापडाच्या खणात ठेवलं असतं, आणि पाहुणे आले की हातमोजे घालून बाहेर काढलं असतं.

आणि स्वयंपाकघरात? तिथं सुरी एकच. मुठीला कापडी पट्टी गुंडाळलेली, धार अशी की टोमॅटो कापायला जावं तर त्याचा चेंदामेंदा व्हावा. आईनं कितीदा म्हटलं असेल, "अरे, एवढ्या दगडांवर एवढ्या सुऱ्या घासतोस, हिलाही जरा धार लावून दे."

"त्याला पोलाद म्हणत नाहीत, आई. पत्रा आहे तो. माझा दगड खराब होईल."

मग आई शेंगा हातानं मोडायची आणि कांदा ओट्यावर ठेवून तळहातानं फोडायची. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो याहून वेगळा काय असतो?

घरातली उजेडाची खोली पूर्वी आईची होती. सुऱ्या वाढल्या तशी ती सुऱ्यांची झाली. उन्हानं हाडाची मूठ पिवळी पडते म्हणून खिडकीला आतून फळी ठोकली. हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र कोपऱ्यात रात्रंदिवस गुरगुरू लागलं. आईचा पलंग बाहेर पॅसेजमध्ये आला, खोलीच्या दाराला अगदी खेटून.

"इथं वारा छान येतो गं," आई म्हणायची.

पॅसेजला खिडकी नव्हती. वारा यायचा तो बाथरूमच्या झरोक्यातून, आणि त्याला वासही बाथरूमचाच असायचा.

"माझ्याकडे चल," असं धाकटी दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होती. तिच्या घरी आईसाठी खोली होती, खोलीला खिडकी होती. पण आई हलायचं नाव घेत नव्हती. "तुझं काय बाई, तुझं घर भरलेलं आहे. नवरा आहे, पोर आहे. त्याला कोण आहे? मी बाहेर निघाले तरी त्याचा जीव खालीवर होतो. कुठं निघालीस, कधी येणार, दहा वेळा विचारतो. त्याला मी लागते." हे सांगताना आईचा चेहरा असा खुलायचा की धाकटी विषय सोडून द्यायची.

मध्यंतरी आई पॅसेजमध्येच घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. दादा तेव्हा परगावी सुऱ्यांच्या मेळाव्याला गेला होता. धाकटीनं फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न आला, "प्लास्टर घातल्यावर तिला घरी सोडतील ना? उगाच दवाखान्यात ठेवून घेऊ नका. घरीच आणा, आजच आणा." धाकटीला वाटलं, चला, एवढी तरी माया आहे याच्यात. तिनं आईला तसं सांगितलंही, आणि मोडक्या हाताची आई दिवसभर त्या शब्दांवर जगली.

त्यानंतर एकदा दादाचाच फोन आला. कुठल्याशा संग्राहकाकडे चोरी झाली होती, त्यामुळे याचं धाबं दणाणलं होतं. "धाकटे, माझ्या सगळ्या सुऱ्यांचा विमा उतरवायचाय. तुझ्याकडूनच उतरवतो."

धाकटीनं संधी साधली. "उतरवते. पण मग आईला माझ्याकडे पाठवायचं. सुऱ्यांचा घोर मिटल्यावर तुला घरात कुणी नसलं तरी चालेल."

"विमा होऊ दे, मग आईचं बघू," दादा म्हणाला. मग त्यानं विचारलं, "बरं, घरात कायम माणूस असलं तर हप्त्यात सूट मिळते म्हणे?"

"चोरीच्या भागात चांगली मिळते. अलार्म बसवायचीही सक्ती राहत नाही. मात्र चोरीच्या वेळी घर रिकामं सापडलं तर एक पैसा मिळत नाही." कुठल्याही दुकानदाराला सांगावं तसं तिनं घडाघडा सांगून टाकलं. गिऱ्हाइकाला आपल्या धंद्याची माहिती देताना तिचा मेंदू सुटीवर जात असे.

"असं होय," दादा म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लाडात आला. तेव्हाच तिनं ओळखायला हवं होतं.

विमा कंपनीचा सर्व्हेअर ठरल्या दिवशी सकाळी आला. सडपातळ, सभ्य, आणि सर्दीनं नाक लाल झालेला. दादानं त्याला दारातच थांबवून बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवायला लावल्या, हातमोजे दिले आणि बजावलं, "शिंक आली तर बाहेर जाऊन. थुंकीचा एक थेंब उडाला तर पात्यावर डाग पडतो." स्वतः मात्र त्याच पात्यांची धार थुंकी लावलेल्या हातावर बघणारा हा गृहस्थ. सर्व्हेअर बिचारा मान डोलावून पलंगाला वळसा घालून आत गेला. पलंगावर आई नव्हती. ती स्वयंपाकघरात पाहुण्यासाठी चहा करत होती.

खोलीत तेलाचा आणि कोंडलेल्या हवेचा वास होता. भिंतीभर खण. दादा एकेक खण ओढायचा, एकेक सुरी दोन्ही हातांवर तोलून बाहेर काढायचा, कापडावर निजवायचा आणि बोलायचा. माणसांशी नाही, सुरीशी. "ये गं बाळ. उजेड लागला डोळ्यांना? आत्ता नेऊन निजवतो हं." आईच्या मोडलेल्या हाताबद्दल त्यानं आजवर इतक्या मऊ आवाजात एकदाही विचारलं नव्हतं. धाकटी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला वाटलं, पुढं होऊन एक मुस्काटात ठेवून द्यावी. पण आईचं जाणं या विम्याला बांधलेलं होतं, म्हणून ती गप्प राहिली.

सर्व्हेअर प्रत्येक सुरीचे दोन्ही बाजूंनी फोटो घेत होता, कारागिराचं प्रमाणपत्र बघत होता, किंमत टिपत होता. या असल्या वस्तूंची बाजारात ठरीव किंमत नसते, म्हणून विमा उतरवतानाच दोघांनी मिळून एक किंमत कबूल करायची, अशी पद्धत. बराच वेळ सगळं सुरळीत चाललं. मग दादानं सगळ्यात वरचा, कुलपाचा खण उघडला.

"ही जगात एकच आहे," तो म्हणाला.

सुरी लहानशीच होती. मूठ काचेसारख्या पारदर्शक रेझिनची, आणि तिच्या आत काहीतरी पांढरं, पिवळसर, दाण्यादाण्यानं अडकलेलं. सर्व्हेअरनं चष्मा वर केला. "शिंपले का हो?"

"माझे दुधाचे दात," दादा म्हणाला.

सर्व्हेअरनं हातातली सुरी अगदी हळू, दोन बोटांच्या चिमटीत धरून कापडावर ठेवली.

"आईनं जपून ठेवले होते, डबीत. नुसते पडून होते. मी कारागिराला पाठवून दिले. लोक हस्तिदंत घालतात, खोटी हाडं घालतात. हे अस्सल आहे. घडवून घेणाऱ्याच्या शरीराचा भाग आहे मुठीत. याची किंमत काय लावणार तुम्ही?"

ती डबी धाकटीला आठवत होती. आई ती कपाटात साड्यांच्या तळाशी ठेवायची आणि वर्षातून एखाद्या वेळी उघडून, कुणाचं लक्ष नाही असं बघून, बोटानं चाळायची. ती डबी यानं उचलून नेली आणि त्या दातांवर सांडशी, कानस आणि रसायन फिरवलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. मधे दोन भिंती, वर यंत्राची गुरगुर, तरी तिनं सगळं ऐकलं होतं. "अरे, त्यात सगळे तुझे नाहीत. दोन धाकटीचे आहेत. मी एकाच डबीत ठेवले होते."

दादाचा चेहरा पडला. सर्व्हेअरचं पेन थांबलं. धाकटीची जीभ आपोआप वरच्या दातांवरून फिरली, आणि ती जी शिसारी तिच्या अंगातून गेली तिला शब्द नव्हता. इतका वेळ हा सगळा घाणेरडेपणा ती बाहेरून बघत होती. आता कळलं की तिला आधीच मुठीत घालून पॉलिश केलेलं आहे.

"कुठले दोन?" दादा ओरडला. "आई, कुठले दोन ते सांग!"

"आता मला काय माहीत? दात ते दात."

"साहेब," सर्व्हेअर चाचरत म्हणाला, "मग मालकी... म्हणजे मॅडमची हरकत नाही ना, असं एक लिहून..."

"हरकत नाही," धाकटी म्हणाली. "झाका ते." दादा मात्र सुरी उजेडाकडे धरून एकेक दात निरखत बसला. बहिणीचा दात कुठला असेल तो शोधून काढून उपटता येईल का, याचाच विचार त्याच्या चेहऱ्यावर होता.

चहा आला. धाकटीनं घेतला नाही. आई प्लास्टर उतरलेला, अजून वाकडाच असलेला हात पोटाशी धरून पलंगाच्या कडेला टेकली. पाहुणा घरात आला की तिला बरं वाटायचं. सर्व्हेअरनं कागद उलटला. "आता सुरक्षेचं बघू. कुलूप चांगलं आहे, खिडकी बंद आहे. अलार्म दिसत नाही. एवढ्या रकमेला अलार्म लागेल."

"लागणार नाही," दादा म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला. "घरात कायम माणूस असतं. चोवीस तास. एक क्षण घर रिकामं नसतं."

"कोण?"

"ही काय." त्यानं हनुवटीनं पलंगाकडे दाखवलं. "आई, दाखव गं."

आईला कळेना काय दाखवायचं. दादानं उठून तिच्या पदराआड हात घातला आणि गळ्यातली दोरी बाहेर ओढली. दोरीला शिट्टी होती, मैदानावर पंच वाजवतात तसली. धाकटीनं ती कधी पाहिली नव्हती. "वाजव," दादा म्हणाला. आईनं कसनुसं हसून ती ओठांना लावली आणि फुंकली. आवाज दणकून निघाला. सर्व्हेअरनं दचकून कप सांडला.

"पलंगही मुद्दाम इथं घेतलाय," दादा सांगत होता. "दाराला लागून. आत जायचं तर तिला ओलांडूनच जावं लागतं. झोप सावध आहे. बाहेर कुठं जात नाही. मीच सवय लावलीय, उंबऱ्याबाहेर जायचं तर मला विचारायचं. मधे हात मोडला तेव्हासुद्धा मी दवाखान्यात राहू दिलं नाही. घर उघडं पडलं असतं. आता ही धाकटी तिला घेऊन जाते म्हणून मागं लागलीय, पण ते काही जमायचं नाही. पॉलिसीच रद्द होईल ना?"

धाकटीला त्याचं फोनवरचं वाक्य आठवलं. विमा होऊ दे, मग आईचं बघू. बघितलं होतं त्यानं. चांगलं पुरतं बघितलं होतं, आणि त्याला ती वाट दाखवली होती ती तिनंच, फोनवर, घडाघडा. राग यायला हवा होता, पण आधी आली ती किळस, झुरळ पायाखाली फुटावं तशी. सख्ख्या आईला यानं कडी केली होती, कोयंडा केला होता. आणि त्या कोयंड्याला वाटत होतं की आपल्यावर कुणाची माया आहे.

तिनं आईकडे पाहिलं. आईच्या हातात शिट्टी तशीच होती. चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं नव्हतं, नुसतं तिथंच विसरून राहिलं होतं.

"तिला नाही जमायचं हे," धाकटी म्हणाली.

"काय?" दादा वळला.

"राखण. साहेब, तुम्ही लिहून घ्या. आईला ऐकू येत नाही. एका कानानं मुळीच नाही. डोळ्यात मोतीबिंदू आहे. रात्री गोळी घेऊन झोपते, ढोल वाजवले तरी उठत नाही. गॅस चालू ठेवून विसरते. हात मोडलेला आहे, दाराची कडी तिला लागत नाही. चोर आला तर त्यालाच चहा करून देईल." एकेक शब्द तिच्या तोंडातून थुंकल्यासारखा बाहेर पडत होता. आईसमोर उभी राहून ती आईचं एकेक अंग मोडीत काढत होती, आणि थांबली असती तर पुन्हा तोंड उघडवलं नसतं. "अशा माणसाला घरातलं कायम माणूस धरता येतं का?"

"साफ खोटं!" दादा उसळला. "ठणठणीत आहे ती! आत्ता तिकडून सगळं ऐकलं नाही का तिनं, दातांचं?"

सर्व्हेअर अडचणीत आला. बहीणभावाच्या भांडणात पडायची त्याची इच्छा नव्हती, पण कागदावर काहीतरी भरणं भाग होतं. तो आईकडे झुकला आणि साध्या, हळू आवाजात म्हणाला, "आजी, तुम्हीच सांगा. कानांचा काही त्रास आहे का?"

आईनं आधी मुलाकडे पाहिलं. तो भुवया उडवून तिला खुणावत होता, सांग, सांग. मग तिनं मुलीकडे पाहिलं. धाकटीनं नजर खाली घातली. हा एकच क्षण होता, आणि त्यात आईला हवं ते करता आलं असतं. ठणठणीत आहे म्हणाली असती तर लेकाची राहिली असती, शिट्टीसकट.

आईनं कानामागं हात धरला.

"काय म्हणालात?" ती म्हणाली. "जरा मोठ्यानं बोला. मला ऐकू येत नाही."

सर्व्हेअरनं मोठ्यानं पुन्हा विचारलं. आई पुन्हा म्हणाली, "काय?" तिसऱ्यांदा त्यानं विचारलंच नाही. त्यानं एका रकान्यावर काट मारली आणि दुसऱ्यात लिहिलं. "मग अलार्म सक्तीचा आहे, साहेब. कॅमेराही. ते बसलं की घरात माणूस असलं काय, नसलं काय, कंपनीला फरक पडत नाही."

धाकटीला वाटलं, आता दादा आकाशपाताळ एक करेल. पण तो व्यापारी होता. एक माल गेला की दुसऱ्याचा भाव बघायचा, एवढंच त्याला कळत होतं. तो पॅसेजमध्ये गेला, दाराच्या वर बघितलं, पलंगाच्या दोन्ही बाजूंनी फिरून आला. मग आईच्या उशाशी उभा राहून, तिच्या डोक्यावरून, धाकटीशी बोलू लागला. आवाज खाली आणायचीही त्याला गरज वाटली नाही. ऐकू येत नाही म्हटल्यावर प्रश्नच मिटला होता.

"मला वाटतच होतं हल्ली," तो म्हणाला. "कामाची राहिली नाही. मग काय, घेऊन जा तिला. आजच ने ना, गाडी आणलीयस तर. हा पलंगही अडचणच आहे, अलार्मची पेटी इथंच बसवता येईल. आणि तिचं पथ्यपाणी, औषधं, तेही आता वाढत जाणार. बरं झालं बाई, वेळेवर लक्षात आलं. सुंठीवाचून खोकला गेला."

आई समोर बघत होती. तिचा चेहरा बहिऱ्या माणसाचा असतो तसा कोरा होता. नुसती शिट्टीची दोरी तिनं बोटाला एकदा गुंडाळली. धाकटीला दिसलं आणि तिनं मान फिरवली. दोन वर्षं तिनं हे मागितलं होतं, यासाठी देव पाण्यात ठेवले होते, आणि हे असं मिळालं, भंगारवाल्याला घरातलं डबडं द्यावं तसं. घासाघीससुद्धा नाही.

सर्व्हेअरनं सहीसाठी कागद पुढं केले. धाकटीनं सही केली. एजंट तीच होती. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांच्या साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा.

आईचं सामान एका बॅगेत मावलं. आई साड्या भरत असताना दादानं खोलीतून हाक मारली, "धाकटे, तिच्या गळ्यातली शिट्टी काढून ठेव गं, चांगल्यातली आहे." आईनंच ती काढली आणि उशीवर ठेवली. निरोप द्यायला दादा दारापर्यंत आला, हातमोजे तसेच चढवलेले. आईच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, ओठ मोठे मोठे हलवत तो ओरडला, "ये हं अधूनमधून! फोन करून ये!" त्याच्या तोंडातले दोन शिंतोडे आईच्या गालावर उडाले. आईनं ते पुसले नाहीत, मान डोलावली आणि जिना उतरली. मागं दार लागलं आणि दादाचा आवाज आला. तो सर्व्हेअरला विचारत होता की दोन दात दुसऱ्याचे निघाले तर किंमत किती उतरेल.

गाडीत धाकटीनं आईचा पट्टा लावून दिला. तिला काहीतरी बोलायचं होतं. ते मी उगाच म्हटलं, कानांचं, गॅसचं, सगळं. तू ठणठणीत आहेस. पण तिनं नुसता आरसा सारखा केला. पदराच्या टोकानं आईनं गाल पुसला. बराच वेळ पुसत राहिली, त्या जागेवर काही उरलं नव्हतं तरी.

"मला वाटायचं, तो काळजीनं विचारतो," आई म्हणाली. "कुठं निघालीस, कधी येणार."

"जाऊ दे गं आई."

"नाही, जाऊ कशाला देऊ? पोटचा आहे." ती खिडकीबाहेर बघत होती. दुपारची रहदारी होती. कुणी भाजीच्या पिशव्या नेत होतं, कुणी हॉर्न वाजवत होतं. "मी आयुष्यभर म्हणत आले, त्याला मी लागते. आणि लागत होते की. खोटं कुठं होतं ते."

धाकटीनं चावी फिरवली. गाडी सुरू झाली, पण आईनं तिच्या हातावर आपला वाकडा हात ठेवला.

"थांब जरा. आधी एक सांग. तुझ्याकडे मी कशाला लागते?"

"कशाला म्हणजे? आई आहेस तू माझी."

"त्याचीही होते," आई म्हणाली. "खरं ते सांग. इथंच सांग. तिथं गेल्यावर कुणा पाहुण्यासमोर ऐकायचं नाही मला."

धाकटीनं तोंड उघडलं. काही नाही गं, नुसती ये, असं ती म्हणणारच होती आणि ते पुष्कळसं खरंही होतं. पण आई तिच्याकडे बघत होती, आणि सकाळपासून इतकं खोटं बोलून झालं होतं की तिच्या जिभेवर आणखी एक चढेना. पोरीला सांभाळायला दुपारी येणाऱ्या बाईला तिनं परवाच सांगून टाकलं होतं, पुढच्या महिन्यापासून येऊ नका, माझी आई येणार आहे.

"पोर दुपारी शाळेतून येते," ती म्हणाली. "तेव्हा घरात कुणी नसतं."

आईनं हात काढून मांडीवर घेतला.

"म्हणजे तिथंही घर रिकामं ठेवायचं नाही," ती म्हणाली. "चल."